शेजारी, अणुबॉम्ब आणि करार : कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान यांच्यात चार दिवस जो संघर्ष झाला, त्या चार दिवसांत मला जेवढे प्रश्न विचारले गेले तेवढे आधीच्या वीस वर्षांत कुणी विचारले नव्हते. विचारणारे नेहमीचेच लोक. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणारी मंडळी, कॉलेजची मुलं, शिरोळ-कागलकडचे माजी सैनिक, आणि मुलगा त्या वेळी सीमेवर होता अशा दोन आया. अण्वस्त्रांच्या प्रश्नावर मी बरीच वर्षं वाचतो, बोलावतील तिथे बोलतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे घाई केली की माणूस भलतंच समजून घरी जातो.

शस्त्रनियंत्रण म्हणजे आपले बॉम्ब टाकून द्यायचे का?

नाही. बॉम्ब मोडीत काढणं म्हणजे निःशस्त्रीकरण. शस्त्रनियंत्रण त्याच्या बरंच अलीकडे थांबतं. शस्त्रं दोघांकडे राहणार, वैरही राहणार हे धरूनच ती चुकून, घाईत किंवा गैरसमजातून वापरली जाऊ नयेत यासाठी घालून घेतलेले नियम म्हणजे शस्त्रनियंत्रण.

कोल्हापूरकराला हे समजावून सांगायला मला पंचगंगा पुरते. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. हे आकडे शहरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. खाली अलमट्टी धरण आहे, ते कर्नाटकात. कर्नाटकाशी आपला सीमावाद सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, अलमट्टीच्या उंचीवरून भांडण आहे, २००५ आणि २०१९ च्या पुरानंतर तर एकमेकांवर काय काय आरोप झाले. तरीही पावसाळ्यात दोन्हीकडचे पाटबंधारे खात्याचे अभियंते विसर्गाचे आकडे एकमेकांना कळवतात. प्रेमापोटी कळवत नाहीत, पाणी दोघांच्याही घरात शिरतं म्हणून कळवतात.

भारत आणि पाकिस्तानकडे नेमके किती बॉम्ब आहेत?

दोन्ही सरकारं आकडा जाहीर करत नाहीत. स्टॉकहोमच्या 'सिप्री' या संस्थेचा जानेवारी २०२५ चा अंदाज असा : भारत सुमारे १८०, पाकिस्तान सुमारे १७०, चीन किमान ६००. रशिया आणि अमेरिका प्रत्येकी पाच हजारांच्या वर. जगात एकूण १२ हजारांच्या आसपास, त्यातले जवळजवळ नव्वद टक्के त्या दोघांकडेच.

मग आपल्याकडं जास्तच आहेत की! भ्यायचं कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलेला आहे. खासबागच्या मैदानात पैलवानाचं वजन दहा किलोनं जास्त असलं तर फरक पडतो, कारण तिथे एक चितपट होतो आणि दुसरा उभा राहतो. इथे १८० विरुद्ध १७० या हिशेबाला काही अर्थ नाही. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ ला पडलेला बॉम्ब १५ किलोटनांचा होता, आणि त्या वर्षाअखेरपर्यंत त्या एका शहरात सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली. आपल्याकडच्या किंवा त्यांच्याकडच्या साठ्यातले दहा बॉम्ब दहा शहरांवर पोचले, तर उरलेल्यांची मोजदाद करायला कुणाला सवड असणार?

अण्वस्त्राचा उपयोग समोरच्याला धाक बसवण्यापुरताच आहे. धाक बसायला पुरेल इतकी संख्या झाली की पुढचा प्रत्येक बॉम्ब सुरक्षितता वाढवत नाही, राखण तेवढी वाढवतो. भारताच्या धोरणातही 'विश्वासार्ह किमान प्रतिरोध' असेच शब्द आहेत. त्यातला 'किमान' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो आणि तो पुसट होत चालल्याची काळजीही वाटते.

हे सगळं सुरू कुठून झालं? पाकिस्तानमुळे?

सुरुवात चीनपासून झाली. १६ ऑक्टोबर १९६४ ला चीननं लोप नूर इथे पहिला अणुस्फोट केला. १९६२ चा पराभव ताजा होता आणि दिल्लीत संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे आपल्याच राजाराम कॉलेजात शिकलेले. त्या स्फोटानंतर भारतात 'आपणही बॉम्ब करायचा का' हा वाद उघडपणे सुरू झाला. पुढे १८ मे १९७४ ला पोखरणला पहिली चाचणी झाली, तिला सरकारनं शांततामय अणुस्फोट म्हटलं.

पाकिस्ताननं मात्र १९७४ ची वाट पाहिली नव्हती. बांगलादेश युद्ध हरल्यावर लगेच, जानेवारी १९७२ मध्ये, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष झुल्फिकार अली भुत्तो यांनी मुलतानला शास्त्रज्ञांची बैठक घेऊन बॉम्बचं काम सुरू करायला सांगितलं होतं. पोखरणनं त्या कामाला वेग दिला. मग ११ आणि १३ मे १९९८ ला भारताच्या पाच चाचण्या, आणि २८ व ३० मे ला बलुचिस्तानात पाकिस्तानच्या चाचण्या. मधे जेमतेम पंधरा दिवस गेले.

म्हणून याला दोघांचं भांडण म्हणणं अपुरं आहे. पाकिस्तान भारताकडे बघून बॉम्ब मोजतो, भारत चीनकडे बघून, आणि चीन अमेरिकेकडे बघून. ही साखळी लक्षात ठेवा, पुढे करार का अडतात ते तिथेच कळतं.

'आम्ही आधी वापरणार नाही' हे भारताचं धोरण खरं आहे का? पाकिस्तानचं काय?

भारतानं ४ जानेवारी २००३ ला अधिकृत आण्विक धोरण जाहीर केलं. त्यात प्रथम वापर न करण्याचं वचन आहे, आणि भारतावर किंवा भारतीय फौजांवर अण्वस्त्रं वापरली तर प्रत्युत्तर प्रचंड असेल असंही म्हटलंय. जैविक किंवा रासायनिक हल्ला झाल्यास अण्वस्त्राचा पर्याय राखून ठेवला आहे, हे कलम लोक विसरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पोखरणलाच संरक्षणमंत्री राजनाथसिंह म्हणाले की आजवर हे धोरण पाळलं, पुढे काय ते परिस्थितीवर ठरेल. धोरण बदललेलं नाही, पण त्या वाक्यानं पाकिस्तानात आणि चीनमध्ये व्हायची ती शंका निर्माण झालीच.

पाकिस्ताननं असं वचन कधीच दिलं नाही. आपलं सैन्य मोठं आहे, पारंपरिक युद्धात ते टिकणार नाहीत, म्हणून 'वेळ आली तर आधी आम्ही वापरू' हीच त्यांची ढाल आहे. ती वेळ कुठली, हे ते मुद्दाम मोघम ठेवतात. त्यांच्या आण्विक व्यवस्थेचे प्रमुख राहिलेले जनरल खालिद किडवाई यांनी २००२ मध्ये परदेशी अभ्यासकांना चार प्रसंग सांगितले होते : मोठा भूभाग गेला, सैन्याचा मोठा हिस्सा नष्ट झाला, आर्थिक गळचेपी झाली, किंवा देशात अंतर्गत अस्थैर्य माजवलं गेलं तर. यातलं 'आर्थिक गळचेपी' म्हणजे किती? कुणालाच ठाऊक नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतानं १९६० चा सिंधू जलकरार स्थगित ठेवला, आणि पाणी वळवणं ही युद्धाची कृती मानू असं पाकिस्ताननं लगेच जाहीर केलं.

राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची खूण सगळ्यांना दिसेल अशी आहे. तिथे, पलीकडच्या काठावर, खूणच रंगवलेली नाही. पाणी चढतंय एवढं दिसतं, धोका कुठल्या फुटाला ते दिसत नाही. मला यातलं सगळ्यात भीतिदायक हेच वाटतं.

'छोटा अणुबॉम्ब' असतो म्हणतात, तो काय प्रकार?

एप्रिल २०११ मध्ये पाकिस्ताननं 'नस्र' या क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. पल्ला अवघा ६० किलोमीटर, नंतर थोडा वाढवलेला. एवढ्या कमी पल्ल्याचं शस्त्र शहरासाठी नसतं, पुढे घुसणाऱ्या आपल्या रणगाड्यांसाठी असतं. भारतीय सैन्य थोडक्या वेळात मर्यादित मुसंडी मारेल, या भीतीला त्यांनी शोधलेलं हे उत्तर.

पण असं शस्त्र उपयोगी पडायचं तर ते सीमेजवळ न्यावं लागतं, विखरून ठेवावं लागतं. 'वापरा, नाहीतर शत्रूच्या हाती जाईल' असा प्रसंग खालच्या पातळीवरच्या अधिकाऱ्यावर येऊ शकतो. आणि आपल्या धोरणाप्रमाणे बॉम्ब लहान की मोठा हा फरक नाहीच, प्रत्युत्तर प्रचंडच. म्हणजे रणांगणावरच्या एका लहान स्फोटापासून शहरांपर्यंत जाणाऱ्या जिन्याला मधे थांबायची जागाच उरत नाही.

लोक म्हणतात, 'एकदाच काय ते होऊन जाऊ दे.' त्यांना काय सांगायचं?

मी त्यांना पावसाबद्दल सांगतो.

२००७ मध्ये हवामानशास्त्रज्ञांनी एक हिशेब मांडला. भारत-पाकिस्तान युद्धात हिरोशिमाच्या आकाराचे १०० बॉम्ब शहरांवर पडले तर आगीतून सुमारे ५० लाख टन काजळी वातावरणाच्या वरच्या थरात जाईल. तिथे पाऊस नसतो, त्यामुळे ती वर्षानुवर्षं धुऊन निघत नाही. सूर्यप्रकाश अडतो, पृथ्वीचं सरासरी तापमान सव्वा अंशाच्या आसपास उतरतं, मोसमी पाऊस कमी होतो. याहून मोठं युद्ध धरून केलेल्या २०२२ च्या अभ्यासात जगभरात २०० कोटींहून अधिक माणसं उपासमारीनं मरू शकतात असं निघालं. ही प्रारूपं आहेत, काजळी किती उठेल यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण दिशेबद्दल फारसा वाद नाही.

आता हे कोल्हापूर जिल्ह्यावर लावून बघा. एकही बॉम्ब इथे पडला नाही असं धरा. पण गगनबावड्याचा पाऊस दोन-तीन वर्षं निम्म्यावर आला, राधानगरी भरलंच नाही, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या त्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे एकदाही उघडले नाहीत. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, तो कशावर उभा राहणार? डिझेल नाही, खत नाही, मुंबई-पुण्याहून माणसांचे लोंढे येताहेत आणि रुग्णालयात भाजलेल्यांसाठी खाटा नाहीत. 'एकदाच' होऊन जाणारी ही गोष्ट नाही. ती वर्षानुवर्षं होत राहील.

असं म्हणणाऱ्या माणसाचा मला राग येत नाही. पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्याची चीड खरी आहे. चीड खरी असली म्हणून हा उपाय बरोबर ठरत नाही, एवढंच मी म्हणतो.

कोल्हापूर सीमेपासून लांब आहे. आपल्याला थेट धोका आहे का?

कराची ते कोल्हापूर सरळ रेषेत साधारण साडेअकराशे-बाराशे किलोमीटर. पाकिस्तानच्या शाहीन-३ या क्षेपणास्त्राचा पल्ला २७५० किलोमीटर सांगितला जातो. तेव्हा पल्ल्याबाहेरचं म्हणावं असं गाव आज महाराष्ट्रात नाही. आपल्यापासून सुमारे २०० किलोमीटरवर कारवारजवळ कैगा अणुवीज केंद्र आहे, हेही अनेकांना माहीत नसतं. अशा केंद्रांना वाचवणारा एक करार मात्र आहे. त्याबद्दल पुढे.

दोन्ही देशांत आज एकतरी करार शिल्लक आहे का?

आहेत, आणि याचंच मला अप्रूप वाटतं. थोडं सविस्तर सांगतो.

पहिला करार ३१ डिसेंबर १९८८ चा. राजीव गांधी इस्लामाबादला गेले होते, बेनझीर भुत्तो नुकत्याच पंतप्रधान झाल्या होत्या. इस्रायलनं १९८१ मध्ये इराकची ओसिराक अणुभट्टी बॉम्ब टाकून उडवली, तेव्हापासून पाकिस्तानला धास्ती होती की भारत कहुट्याच्या त्यांच्या युरेनियम समृद्धीकरण केंद्रावर तसंच काही करेल. त्यातून ठरलं की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. अणुभट्ट्या, इंधन कारखाने, युरेनियम समृद्धीकरणाची, पुनर्प्रक्रियेची ठिकाणं असं सगळं त्यात येतं. करार २७ जानेवारी १९९१ ला लागू झाला, आणि १ जानेवारी १९९२ पासून दर वर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांच्या हाती देतात. कारगिलच्या वर्षानंतर दिली, संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर लाखो सैनिक उभे होते तेव्हाही दिली, मुंबईवरच्या २६/११ नंतर अवघ्या पाच आठवड्यांनी दिली, बालाकोटनंतरही दिली. १ जानेवारी २०२५ ची ती ३४ वी वेळ होती.

दुसरा टप्पा लाहोरचा. वाजपेयी फेब्रुवारी १९९९ मध्ये बसनं लाहोरला गेले. 'बस' सगळ्यांच्या लक्षात राहिली, पण २१ फेब्रुवारीला दोन्ही परराष्ट्र सचिवांनी सह्या केलेला सामंजस्य करार फार कमी लोकांना ठाऊक आहे. चाचणीबंदी पाळत राहू, क्षेपणास्त्र चाचणीची आगाऊ सूचना देऊ, अण्वस्त्राचा अपघात झाला तर लगेच कळवू, असं त्यात होतं. तीन महिन्यांत कारगिल झालं. 'बघा, करार करून काय मिळालं?' असं मला दर वेळी ऐकवलं जातं. पण त्याच कागदातून पुढे ऑक्टोबर २००५ मध्ये बॅलिस्टिक, म्हणजे उंच वर जाऊन कमानीसारखं खाली येणाऱ्या, क्षेपणास्त्रांच्या चाचणीआधी किमान तीन दिवस सूचना देण्याचा करार निघाला, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये अण्वस्त्र-अपघातांबाबतचा. आणि १९९८ नंतर दोघांपैकी कुणीही पुन्हा अणुचाचणी केलेली नाही.

याशिवाय दोन्हीकडच्या लष्करी कारवाई महासंचालकांमध्ये, म्हणजे डीजीएमओंमध्ये, १९७१ पासून हॉटलाइन आहे. १९९१ चा, लष्करी सरावांची आगाऊ माहिती देण्याचा करार आहे. हे सगळं मिळूनही बॉम्बची संख्या एकानंही कमी झालेली नाही, हे मान्य. पण वैऱ्यांमध्ये पाळले जाणारे हे नियम आहेत आणि ते तीन दशकं टिकले आहेत.

मे २०२५ मध्ये हे करार उपयोगी पडले का?

हॉटलाइन नक्कीच पडली. १० मे ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंनी आपल्या डीजीएमओंना फोन केला आणि संध्याकाळी पाच वाजल्यापासून गोळीबार थांबवायचं ठरलं, असं आपल्या परराष्ट्र सचिवांनी त्याच दिवशी सांगितलं. मध्यस्थी कुणी केली यावरचा वाद वेगळा. तो फोन उचलला गेला, हे महत्त्वाचं.

पाकिस्तानातल्या किराना हिल्समध्ये अणुसाठ्यावर हल्ला झाला आणि किरणोत्सर्ग पसरला, असं व्हॉट्सॲपवर आलं होतं. खरं काय?

आपल्या हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत किराना हिल्सवर हल्ला केला नसल्याचं स्पष्ट सांगितलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनंही पाकिस्तानातल्या कुठल्याही अणुकेंद्रातून गळती झाली नसल्याचं म्हटलं. तरी तो संदेश माझ्याकडे त्या आठवड्यात अकरा वेळा आला, आणि पाठवणारे आनंदानं पाठवत होते. वारा पश्चिमेकडून वाहतो, किरणोत्सर्ग पंजाबच्या शेतांवर येईल, तिथली माणसं आपलीच आहेत, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

चुकून क्षेपणास्त्र सुटू शकतं का?

सुटलेलं आहे, आणि ते आपलंच होतं. ९ मार्च २०२२ ला देखभालीच्या कामात भारताचं ब्रह्मोस क्षेपणास्त्र सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नू गावाजवळ पडलं. त्यावर स्फोटक नव्हतं, कुणी दगावलं नाही. भारतानं ११ मार्चला तांत्रिक बिघाडाचं कारण देऊन खेद व्यक्त केला, चौकशी झाली आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आलं.

यातला करारांच्या दृष्टीनं महत्त्वाचा मुद्दा असा की २००५ चा करार फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे. ब्रह्मोस क्रूझ जातीचं, म्हणजे विमानासारखं उडत जाणारं, ते त्या करारात बसतच नाही. मधले दोन दिवस काय करायचं, कुणाला फोन करायचा, याची सवयच लागलेली नव्हती. हाच प्रकार २०२५ च्या ७ ते १० मे दरम्यान घडला असता तर पाकिस्ताननं त्याला अपघात मानलं असतं का? अमेरिका आणि रशिया यांच्यात जमिनीवरून सुटलेल्या क्षेपणास्त्राला साधारण अर्धा तास लागतो. १९८३ मध्ये सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांना पडद्यावर अमेरिकेची क्षेपणास्त्रं दिसली, तरी त्यांनी तो यंत्राचा दोष मानला आणि ते बरोबर ठरले. लाहोर-अमृतसर ही तर शेजारची गावं. इथे विचार करायला मिनिटं मिळतील, तीही मोजकी.

ज्यांच्यावर विश्वासच नाही त्यांच्याशी करार कसला?

विश्वास असता तर करार लागलाच नसता. सख्ख्या भावांची वाटणीसुद्धा आपण साक्षीदार बोलावून, मोजणी आणून, दगड रोवून करतो. तो दगड अविश्वासासाठीच असतो.

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबावरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ तेरा दिवस युद्धाच्या कडेवर होते. त्यांच्यातली पहिली हॉटलाइन १९६३ ची आहे, म्हणजे त्या घाबरण्यातून आलेली. १९८७ मध्ये रेगन आणि गोर्बाचेव यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं नष्ट करण्याचा करार केला. २६९२ क्षेपणास्त्रं प्रत्यक्ष नष्ट झाली, आणि एकमेकांचे निरीक्षक एकमेकांच्या तळांवर जाऊन मोजत होते. १९८६ च्या सुमारास जगात सुमारे ७० हजार अण्वस्त्रं होती, ती आज १२ हजारांवर आली ती अशा मोजण्यांमुळे. हे मागेही जातं, हेही सांगायला हवं : तो १९८७ चा करार २०१९ मध्ये मोडला, आणि त्या दोघांमधल्या 'न्यू स्टार्ट' या शेवटच्या कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती.

शेजाऱ्यांचं उदाहरण हवं असेल तर ब्राझील आणि अर्जेंटिना घ्या. दोघांचे अणुकार्यक्रम गुप्त, दोघांकडे लष्करी राजवटी, एकमेकांवर संशय. लोकशाही आल्यावर १९८५ पासून भेटीगाठी सुरू झाल्या आणि १९९१ मध्ये त्यांनी एक सामाईक संस्था काढली, जिच्यात ब्राझीलचे निरीक्षक अर्जेंटिनाची केंद्रं तपासतात आणि अर्जेंटिनाचे ब्राझीलची. ती आजही चालते. आपली परिस्थिती याहून पुष्कळ कठीण आहे. त्यांच्याकडे तयार बॉम्ब नव्हते, काश्मीरसारखा प्रश्न नव्हता, दहशतवाद नव्हता. त्यांच्याकडून घेण्यासारखं एवढंच की तपासणीला दार उघडणं म्हणजे शरण जाणं नव्हे.

युक्रेननं अण्वस्त्रं दिली आणि त्याचं काय झालं ते दिसतंय. मग?

खरं आहे. १९९४ मध्ये बुडापेस्टला सीमांची हमी घेऊन युक्रेननं आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रं रशियाला परत केली, आणि त्याच रशियानं २०१४ व २०२२ मध्ये हल्ला केला. या अनुभवानंतर भारतानं किंवा पाकिस्ताननं एकतर्फी बॉम्ब सोडावेत असं मी कुणाला सांगणार नाही. या पानावर मी सांगतोय ते त्याबद्दल नाहीच.

चीनला सोडून पाकिस्तानशी करार करण्यात अर्थ आहे का?

संख्येवर मर्यादा घालणारा करार आज शक्य दिसत नाही, त्याचं कारण चीनच आहे. पाकिस्ताननं ऑक्टोबर १९९८ मध्ये संयमाची एक सामाईक चौकट सुचवली होती, तिच्यात पारंपरिक सैन्याचा समतोलही होता. तीन हजार किलोमीटरहून लांब चीन सीमा सांभाळणारा भारत ते मान्य करणं शक्यच नव्हतं. अग्नी-५ चा ५००० किलोमीटरचा पल्ला, मार्च २०२४ मधली एका क्षेपणास्त्रावर अनेक अस्त्रं बसवण्याची चाचणी, अरिहंत आणि अरिघात या पाणबुड्या, हे सगळं मुख्यतः चीनसाठी आहे. पण पाकिस्तानला ते आपल्यासाठीच वाटतं.

मला खंत आहे ती वेगळी. चीननं १९६४ पासून, आणि भारतानंही, 'आधी वापरणार नाही' असं म्हटलंय. दोघांनी हेच वाक्य एकमेकांना उद्देशून कागदावर लिहायला हरकत नसावी. चीन भारताला अण्वस्त्रधारी देश मानायलाच तयार नाही म्हणून ती बोलणी सुरू होत नाहीत.

भारत एनपीटी आणि सीटीबीटीवर सही का करत नाही?

एनपीटी म्हणजे अण्वस्त्रप्रसारबंदी करार. त्यानुसार १ जानेवारी १९६७ आधी स्फोट करणारेच अण्वस्त्रधारी, बाकीच्यांनी कायम हात जोडून बसायचं. हा भेदभाव भारतानं मान्य केला नाही, आणि मला ती भूमिका पटते. १९९६ मध्ये जिनिव्हात भारताच्या राजदूत अरुंधती घोष यांनी सीटीबीटीलाही, म्हणजे सर्वंकष अणुचाचणीबंदी करारालाही, ठाम नकार दिला. पाकिस्ताननंही दोन्हींवर सही केलेली नाही. अण्वस्त्रांसाठी लागणारं इंधन बनवणं थांबवण्याच्या वाटाघाटी मात्र जिनिव्हात पाकिस्तान अडवून बसला आहे. भारताचा साठा आधीच मोठा आहे, हे त्याचं म्हणणं.

माझा मुलगा फौजेत आहे. करार करा म्हणणं हा त्याचा अपमान नाही का?

हा प्रश्न शिरोळ तालुक्यातल्या एका आईनं विचारला होता, सैनिक टाकळीच्या जवळच्या गावातल्या. त्या भागात फौजेत जाणं ही पिढ्यांची रीत आहे. मला एकदम उत्तर सुचलं नाही. शेजारी बसलेले मराठा लाइट इन्फंट्रीतले एक निवृत्त सुभेदार तिला म्हणाले, "ताई, गोळीला आम्ही भीत न्हाई. पर गोळी कुठनं येणार ते म्हाईत पायजे. अणुबॉम्बात पोराच्या हातात काय बी ऱ्हात न्हाई." त्यांच्या बोलण्यात मला भर घालण्यासारखं काही सापडलं नाही. सैनिकाचं शौर्य, त्याचं प्रशिक्षण यांना ज्या युद्धात काही किंमतच उरत नाही, ते युद्ध टाळणं म्हणजे त्याचा अपमान कसा होईल?

आत्ताच्या परिस्थितीत खरोखर काय होऊ शकतं?

मोठी शिखर परिषद नजीकच्या काळात होईल असं मला वाटत नाही. दहशतवाद थांबल्याशिवाय बोलणी नाहीत ही भारताची भूमिका आहे, आणि ती लोकांच्या भावनेला धरून आहे. पण काही गोष्टींना शिखर परिषद लागत नाही. २००५ च्या करारात क्रूझ क्षेपणास्त्रं घालणं हे सगळ्यात सोपं, ब्रह्मोसच्या प्रसंगानं त्याची गरज दाखवूनच दिली आहे. १९९८ पासून दोघंही पाळत असलेली चाचणीबंदी कागदावर आणता येईल. पाकिस्ताननं २०१६ मध्ये तसं सुचवलं होतं. ते भारतानं उचलून धरलं नाही, आणि ती संधी दवडली असं माझं मत आहे.

अण्वस्त्राचा निर्णय यंत्रावर सोडायचा नाही, माणसानंच घ्यायचा, असं नोव्हेंबर २०२४ मध्ये बायडेन आणि शी जिनपिंग यांनी मान्य केलं. तेच वाक्य दिल्ली आणि इस्लामाबादनं वेगवेगळं का होईना, म्हणायला काय हरकत आहे? ड्रोनचाही विचार व्हायला हवा. मे २०२५ मध्ये दोन्हीकडून ते मोठ्या संख्येनं उडाले, आणि त्यांच्याबद्दल कुठल्याही करारात एक ओळ नाही.

सगळ्यात अवघड, पण सगळ्यात महत्त्वाचं : शांततेच्या काळात अस्त्र आणि क्षेपणास्त्र वेगवेगळं ठेवण्याची जुनी पद्धत टिकवणं. पाणबुड्या आल्या, बंद नळकांड्यात तयार ठेवलेली क्षेपणास्त्रं आली, तशी ती पद्धत सुटत चालली आहे. दोन्ही वेगळी असतात तोवर घाईच्या निर्णयाला काही तास आडवे येतात.

सामान्य माणसानं या विषयाची खरी बातमी कुठे बघायची?

१ जानेवारीच्या दिवशी परराष्ट्र मंत्रालयाचं निवेदन बघा. चार-पाच ओळींचं असतं, वर्तमानपत्रात आतल्या पानावर येतं, कधी येतही नाही. अणुकेंद्रांच्या यादीबरोबर त्याच दिवशी दुसरी एक यादीही दिली जाते, एकमेकांच्या तुरुंगात असलेल्या कैद्यांची आणि मच्छीमारांची. ती २००८ च्या करारानुसार १ जुलैलाही दिली जाते. समुद्रात हद्द न कळल्यानं पकडले गेलेले गुजरातचे आणि आपल्या पालघरकडचे कोळी त्या यादीत असतात. दोन्ही याद्या दिल्ली आणि इस्लामाबादमध्ये एकाच दिवशी हातोहात दिल्या-घेतल्या जातात.